अम्मा का पडली, याचं उत्तर एकाही विभागाकडे नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन येतो. सत्कार होतात, तपासणी शिबिरं होतात, दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात छायाचित्रं येतात. यंदा गल्लीतल्या दोघी जणी आमच्या अम्माला अशाच एका शिबिराला न्यायला आल्या. अम्मा ८४ वर्षांची आहे. ती म्हणाली, "मागल्या खेपेला बोटातनं रक्त काढलं, कागदावर अंगठा घेतला. त्याचं पुढं काय झालं ते आधी सांगा." त्या दोघींना सांगता आलं नाही. मलाही आलं नाही. तिच्या त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहायला बसले. म्हातारपणाचा अभ्यास आपल्या विद्यापीठानं सगळ्या विभागांना एकत्र आणून करावा, हे मला त्यात सांगायचं आहे. ते लांबणार आहे, याची कल्पना आहे. जागा असेल तर काटछाट न करता छापावं, ही विनंती.

मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. ३४ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाले. वडील आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. अम्मानं दहाव्या वर्षी मांडीवर सूप घेतलं ते पासष्टाव्या वर्षी खाली ठेवलं. मधली पंचावन्न वर्षं विड्या वळल्या. पूर्व भागातल्या कुठल्याही घरात डोकावलं तर थोड्याफार फरकानं हेच आढळेल.

मागच्या मार्गशीर्षात पहाटे अम्मा मोरीच्या उंबऱ्याशी पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, हाड छान जुळलं. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण ती पडली का, हे कोणी विचारलं नाही. "वय झालंय, जपा," एवढंच सगळे म्हणाले.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी माझी भाची आली. ती हैदराबादेत फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं अम्माला खुर्चीत बसवलं, फरशीवर तीन मीटरवर खडूनं रेघ मारली आणि मोबाइलवर वेळ लावली. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरतात. अम्माला २१ लागले. मग भाचीनं तिचं ब्लडप्रेशर आडवं झोपवून घेतलं आणि उठून उभं राहिल्यावर पुन्हा घेतलं. झोपलेली असताना वरचा आकडा १४८, उभी राहिल्यावर ११२. वीस किंवा त्याहून जास्त उतार पडला की डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडू शकतो. पन्नास वेळा तरी अम्माचं प्रेशर तपासून झालं असेल, पण दर वेळी बसवूनच.

त्यानंतर भाचीनं औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली. प्रेशरच्या गोळीच्या दोन पाकिटांवर दोन निराळी नावं होती. मागे बारीक अक्षरात औषध मात्र एकच: ॲम्लोडिपिन. एक पाकीट नेहमीच्या डॉक्टरांचं, दुसरं मोतीबिंदूच्या वेळी दुसरीकडे सुरू झालेलं. म्हणजे अम्मा वर्षभर दुप्पट गोळी घेत होती. या औषधानं काहींचे घोटे सुजतात, मात्रा वाढली की जास्तच. अम्माचे सुजले होते. ती सूज आजार समजून तिसऱ्या ठिकाणी लघवीची गोळी दिली गेली होती. त्या गोळीनं ती रात्रीतून तीन-चार वेळा उठायची, आणि प्रेशर आणखी उतरायचं ते वेगळंच.

आता मोरी. उंबरा चार बोटं उंच, दिवा झिरोचा. आणि शेवटी पाणी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं आणि कधीकधी पहाटे येतं. ज्या दिवशी अम्मा पडली तो पाण्याचा दिवस होता. नळाचा आवाज कानावर पडताच ती गाढ झोपेतून ताडकन उठली, कारण आयुष्यभर तिनं तसंच केलं होतं. पाणी चुकलं तर चार दिवस घर कोरडं.

मग अम्मा कशानं पडली म्हणायचं? उंबऱ्यानं, गोळीनं, दिव्यानं, पाण्याच्या वेळेनं, की मांड्यांतली ताकद गेल्यानं? मी विज्ञानाची शिक्षिका. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना शिकवत आले. आमच्या मोरीत त्या पहाटे पाचही गोष्टी एकत्र आल्या होत्या. डॉक्टरांशी बोलून एक गोळी बंद झाली, मग लघवीचीही बंद झाली. उंबरा फोडून उतार केला, दिवा बदलला, पाणी भरायचं काम मी घेतलं. भाचीनं शिकवलेलं खुर्चीतून उठबस करणं अम्मा रोज सकाळी देवाला दिवा लावल्यावर करते. २१ सेकंदांचे १५ झाले आहेत. तेव्हापासून ती पडलेली नाही.

आमच्या घरी हे निभावलं ते भाची फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून. ज्यांच्या घरी अशी भाची नाही, त्यांच्यासाठी गोळ्या, घर, पाणी, चालणं हे सगळं बघणारी माणसं एकत्र कोण आणणार? माझ्या मते हे काम विद्यापीठाचं आहे, कारण औषध जाणणारा, घर बांधणारा, आकडे तपासणारा, माणसांशी बोलून माहिती काढणारा आणि त्यांची भाषा जाणणारा असे सगळे एका संस्थेच्या छायेत आणता येतात ते विद्यापीठातच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या केली. त्या व्याख्येत रोग नसणं ही अट नाही. ज्या गोष्टी माणसाला मोलाच्या वाटतात त्या करता येण्याची क्षमता टिकवणं, असा तिचा मथितार्थ आहे. आणि ती क्षमता शरीराइतकीच भोवतालावर, म्हणजे घरावर, रस्त्यावर, माणसांवरही अवलंबून असते, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अम्मा याला "हातपाय चालते असावेत" म्हणते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचं दशक ठरवलं. त्यातली निम्मी वर्षं गेली.

आपल्या देशात याची मोजदाद होतच नाही, असं नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. 'लासी' या नावानं ती ओळखली जाते. याच संस्थेनं संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीबरोबर २०२३ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात साठीच्या पुढचे लोक १०.५ टक्के होते आणि २०५० पर्यंत ते २०.८ टक्के होतील. म्हणजे दर पाच माणसांत एक. काम मोठं आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण साऱ्या देशाच्या चाळणीत अशोक चौकातली विडी वळणारी बाई किंवा दत्त नगरातला मागवाला वेगळा दिसत नाही. त्यासाठी इथलीच चाळणी लागेल.

अशी चाळणी लहान जागी लावता येते, हे शेजारच्या कर्नाटकानं दाखवलं आहे. कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर नावाचा तालुका आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र तिथल्या खेड्यांतल्या ४५ वर्षांवरच्या लोकांना वर्षानुवर्षं पुन:पुन्हा भेटतं. १० हजार लोकांपर्यंत पोचायचं त्यांनी ठरवलं आहे. स्मरणशक्ती, रक्त, मेंदूची चित्रं, चालणं, सगळं त्याच माणसांचं वारंवार तपासायचं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटानं तर १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांपासून सुरुवात केली आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. पुढे होणाऱ्या मधुमेहाची मुळं आईच्या पोटातच असू शकतात, हे त्यातून पुढे आलं. म्हातारपण साठीला सुरू होत नाही. माझ्या वडिलांचं ते मागाच्या शेडमध्ये पस्तिशीतच सुरू झालं होतं.

वडिलांबद्दल थोडं लिहिते. यंत्रमागाच्या शेडमध्ये जो उभा राहिला आहे त्याला आवाज सांगायला नको. तिथे माणसं एकमेकांशी ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. पन्नाशीत वडिलांना कमी ऐकू येऊ लागलं. आम्हाला वाटायचं, ते मुद्दाम लक्ष देत नाहीत. मग ते लग्नकार्याला जाईनासे झाले, ओट्यावर बसेनासे झाले, सत्तरीत नावं विसरू लागले. हे दोन वेगळे आजार, असं मी धरून चालले होते. पुढे वाचनात आलं की स्मृतिभ्रंशावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली आहेत आणि त्यांत ऐकू न येण्याला फार वरचं स्थान आहे. ही चौदा कारणं आवरता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. वडिलांच्या बाबतीत ते तसंच होतं असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून तसं म्हणता येत नाही. पण या शहरात वर्षानुवर्षं माग चालले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या पाचशे मागवाल्यांचे कान आज तपासून त्यांना वीस वर्षं भेटत राहिलो, तर जगाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सोलापूर सांगू शकेल. आणि तोवर त्यांतल्या कित्येकांना वेळेवर श्रवणयंत्र मिळालेलं असेल.

आता भाषेचा मुद्दा. मनगट मोडल्यानंतर अम्मा काही दिवस गोंधळल्यासारखी वागत होती, म्हणून एका ठिकाणी तिच्या स्मरणशक्तीची चाचणी केली. प्रश्न मराठीतून. आज तारीख काय, साल कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, कागदावर ही आकृती काढा. अम्मानं आयुष्यात पेन हातात धरलेलं नाही. तिचं घरचं बोलणं तेलुगू. तारीख तिला सांगता आली नाही. पण आज चतुर्थी, उद्या कुणाचा उपास आणि कोणत्या शेजारणीची भिशी कधी लागणार, हे तिला तोंडपाठ होतं. तिला गुण कमी पडले. घरी आल्यावर मी तिच्यापुढे तूर ठेवली आणि पंचवीस-पंचवीस दाण्यांच्या ढिगाऱ्या करायला सांगितल्या. विडीच्या कट्ट्याची, म्हणजे पंचवीसच्या जुडीची, सवय तिला. न बघता, माझ्याशी बोलत बोलत, तिनं दहा ढिगाऱ्या केल्या. एकही चुकली नाही. चाचणी तयार करणाऱ्यांचा यात दोष नाही, ती शाळा शिकलेल्यांसाठी होती. हरियाणातल्या बल्लभगढ भागात संशोधकांना हीच अडचण आली तेव्हा त्यांनी निरक्षर हिंदी भाषकांसाठी प्रश्न नव्यानं बांधले. सोलापूरच्या तेलुगूत, इथल्या कानडीत, विजापूर वेशीच्या दखनी उर्दूत ते कोण बांधणार? एकट्या डॉक्टरला ते जमणार नाही. भाषा विभाग, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र बसले तरच जमेल. इथली तेलुगू हैदराबादची नव्हे. तीत निम्मे शब्द मराठीच असतात.

याच भाषांत आपलं मोठं घबाडही आहे. तेव्हा हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि न शिकलेल्यांतही तो फरक टिकून होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या साखर पेठेतल्या बायका आठवल्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कानडी, कारखान्यात हिंदी. एका वाक्यात तीन भाषा सहज येतात. हे लहान वयापासून, शाळेत न जाता, पोटापाण्यासाठी शिकलेलं. असं दुसरं गाव महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. यावर संशोधन व्हायचं तर ते इथे व्हायला हवं.

हाताच्या पकडीचंही तसंच. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताचा जोर मोजणारा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. पकड पाच किलोनं कमी असेल तर त्या काळात मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. ब्लडप्रेशरच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून अंदाज चांगला बांधता आला. मुठीत धरून दाबायचं एवढंसं यंत्र त्याला लागतं. पंचावन्न वर्षं विड्या वळलेल्या बोटांची पकड कशी असते? तंबाखूची धूळ नाकातून आणि कातडीतून गेली, मान आणि पाठ वाकली, याचं नुकसान एकीकडे. बोटांना सतत बारीक काम राहिलं, त्याचा काही फायदा झाला असेल तर तो दुसरीकडे. हे एकाच बाईच्या शरीरात आहे. ते वेगळं करून बघायचं तर स्नायूंचा जाणकार, विडी उद्योगाचा अर्थ कळणारा आणि संख्याशास्त्रज्ञ तिघेही हवेत. तिच्या हातात महिन्याला किती पैसा येतो, हेही त्यात आलं पाहिजे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ पासून किमान रक्कम हजार रुपये आहे. या हजारात औषधं घ्यायची की दूध, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यानं तिच्या शेजारी बसून समजून घ्यावा, एवढं माझं मागणं आहे.

वारीचा विषय तर मला फारच जवळचा, कारण माझ्या सासूबाई ७३ व्या वर्षापर्यंत आळंदीहून चालत गेल्या. दोन्ही मोठ्या पालख्या आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला येतात. सत्तरी ओलांडलेले हजारो लोक दोन-अडीच आठवडे रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतात. पाहणारा म्हणतो, चालतात म्हणून धड राहतात. गणिताचा शिक्षक विचारेल, धड असतात तेच चालायला येतात असं तर नाही ना? हे कोडं एका आषाढीत सुटणार नाही. ज्यांनी चालणं सुरू ठेवलं आणि ज्यांनी सोडलं, अशा दोघांनाही त्यांच्या गावी दहा वर्षं भेटावं लागेल. आणि नुसती पावलं मोजून भागणार नाही. सासूबाई सांगायच्या, घरी गुडघा दुखायचा, दिंडीत दुखायचा नाही. दिंडीत बरोबरीच्या बायका असतात, अभंग असतात, वेळेवर जेवण असतं, कोणी मागे राहिलं तर थांबणारं कोणी असतं. यातलं कशानं काय होतं, ते सांगायला लोकसाहित्याचा अभ्यासक आणि हृदयाचा डॉक्टर एकाच तंबूत बसायला हवेत.

मग हे आजवर का झालं नाही? मी बाहेरची आहे, पण चौकशी करून जे समजलं ते लिहिते. आपलं विद्यापीठ २००४ मध्ये झालं, एकाच जिल्ह्यासाठी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालेलं हे विद्यापीठ केगावला आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून शहरात आहे. पण राज्यातलं वैद्यकीय शिक्षण १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. म्हणजे एकाच गावातले डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ दोन विद्यापीठांचे. त्यांनी मिळून काम करायचं तर रीतसर करार लागतो, दोन्हीकडची मंजुरी लागते. हे अवघड असेल, अशक्य नाही.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत आणि चौथीचं नावच आंतरविद्याशाखीय अभ्यास आहे. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय तिच्यात येतात. हे विषय महत्त्वाचे आहेतच. पण दोन शास्त्रांनी मिळून एक प्रश्न सोडवावा, यासाठी नाव पुरत नाही, काम ठरवावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. म्हणजे समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला फिजिओथेरपीचा सहमार्गदर्शक मिळायला नियमाची आडकाठी नाही. पहिल्या वर्षी अशा चार विद्यार्थिनी घेतल्या आणि चौघींना एकच मोहल्ला दिला तरी सुरुवात होईल. एक औषधांच्या पिशव्या बघेल, एक घरं मोजेल, एक भाषा आणि स्मरण, एक पैसा. आणि आठवड्यातून एकदा चौघी एका टेबलाशी बसतील. मला वाटतं हे टेबल सगळ्यांत महत्त्वाचं. नाहीतर चार प्रबंध चार कपाटांत जातील.

केगावातच डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, हेही इथे लिहून ठेवते. डाळिंबातल्या काही घटकांपासून आपल्या आतड्यातले जीवाणू युरोलिथिन ए नावाचा पदार्थ करतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्यानं सूक्ष्म कृमींचं आयुष्य वाढतं आणि म्हाताऱ्या उंदरांची स्नायूंची ताकद सुधारते. माणसांत प्रत्येकाच्या आतड्यात तो तयार होतोच असं नाही. डाळिंब खा आणि तरुण व्हा, असं कोणी समजू नये. पण ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी खाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांच्या पोटात तो होतो का, हे पाहायला याहून योग्य जागा कोणती?

जागेवरून आठवलं. कुंभारीला विडी कामगारांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तिथेच रे नगरात १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. माझी धाकटी बहीण कुंभारीलाच राहते. पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात गेलेली, चाळीस-पन्नास वर्षांची हजारो माणसं एकाच वेळी नवं आयुष्य सुरू करत आहेत. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२-४३ वर जातो, आणि वय झालं की तहान कमी लागते. जुन्या खोलीत आणि नव्या घरात रात्री किती उकाडा असतो, कोणाची झोप सुधारली, कोणाच्या ओळखी तुटल्या, दवाखाना किती लांब पडला, हे आत्ता टिपलं तरच दहा वर्षांनी तुलना करता येईल. हा क्षण गेला की तो पुन्हा मिळणार नाही. भूशास्त्राचे आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी या कामाला लगेच लागू शकतात.

काही जण म्हणतील, आधी दवाखाने नीट करा, संशोधन नंतर. माझ्याही मनात हे आलं होतं. पण अम्माच्या बाबतीत तपास आणि उपचार वेगळे झालेच नाहीत. पिशवी उपडी केली हा तपास, एक गोळी बंद झाली हा उपचार. म्हणून माझी अट अशी की संशोधक ज्या घरी जाईल तिथे पहिल्याच भेटीत काहीतरी देऊन येईल: उभं राहून घेतलेलं प्रेशर, गोळ्यांची पडताळणी, मोरीतल्या दिव्याबद्दल दोन शब्द. नुसते प्रश्न विचारून निघून जाणं यापुढे बंद व्हावं.

आमच्या घरी तसं घडून गेलं आहे. सहा-सात वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची मुलं आली होती. चांगली, नम्र मुलं. चाळीस प्रश्न विचारले, अम्माचा अंगठा घेतला, चहा घेतला. अम्मानं त्यांना लग्नाआधीच्या गोष्टीही सांगितल्या, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. नंतर कोणी फिरकलं नाही. दोन वर्षं ती अधूनमधून विचारायची, "ती पोरं पास झाली का?"

तेव्हा निकाल परत यावेत. आकडे तयार झाले की ते कुंभारीच्या समाजमंदिरात, साखर पेठेत, तेलुगूत आणि कानडीत आणि दखनीत, लोकांना वाचून दाखवावेत. ज्यांनी अंगठा दिला त्यांना तो कशावर दिला हे कळावं, नको असेल तर नाव काढून घेता यावं. प्रश्न ठरवणाऱ्या समितीतही दोन-चार म्हातारी माणसं असावीत. पाणी पहाटे सुटतं, हा प्रश्न कुठल्याच छापील नमुन्यात नव्हता. तो अम्माला माहीत होता.

कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो आणि असा अभ्यास वीस वर्षांचा. म्हणून हे काम एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर न सोडता विद्यापीठाच्या ठरावात, अंदाजपत्रकात आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी केलेल्या करारात लिहून ठेवावं, अशी माझी कुलगुरूंना, अधिष्ठात्यांना आणि व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत हात जोडून विनंती आहे.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. प्रश्नावली इथल्या तेलुगूत करायला आणि घरोघरी बरोबर फिरायला माझ्या सकाळी मोकळ्या आहेत. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या तिघी शिक्षिका तयार आहेत, त्यांतल्या एकीला कानडी आणि एकीला उर्दू उत्तम येतं. मानधन नको, रिक्षाचं भाडं मिळालं तर बरं. अम्मालाही विचारलं. ती म्हणाली, मोजू दे, पण परत येऊन सांगायचं. सकाळी दहाच्या आत आलात तर ती ओट्यावर असते, नंतर झोपते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अशोक चौक परिसर, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)